आकाशातला तलाठी कुणाचा?



आपल्या सभेत एक वाक्य हमखास टाळी घेतं: यान चंद्रावर पोचलं आणि आमचा माणूस अजून गटारातच. वक्ता क्षणभर थांबतो, टाळ्या पडतात, पुढचा मुद्दा सुरू होतो. वाक्य खोटं नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं आणि त्याच वर्षी या देशात गटारं साफ करताना माणसं गुदमरून मेली. प्रश्न टाळीनंतरचा आहे. या वाक्यातून आपण मागतोय काय? यान पाठवू नका, असं? का यान बनवणारी डोकी आणि हात आमच्या गटारासाठीही कामाला लावा, असं? पहिली मागणी केली तर आपण चरखेवाल्यांच्या रांगेत जाऊन बसतो. दुसरी केली तर खरं भांडण सुरू होतं. मला ते भांडण हवंय.

मी गोदीत कंत्राटावर काम करतो. बोटीवर कंटेनर चढले की लोखंडी सळ्यांनी जखडायचे, बोट धक्क्याला लागली की सोडवायचे. शिक्षण मॅट्रिक. घर नाशिकला, सुट्टी मिळाली की कसारा घाट चढून येतो. विज्ञानावर बोलणारा हा कोण, असं कुणी विचारेल. विचारू दे. उपग्रहांचा कारभार ज्यांच्या डोक्यावरून रोज जातो त्यात गोदी कामगार पुढच्या रांगेत आहे. बोट समुद्रात कुठे आहे ते उपग्रह सांगतो. थंड कंटेनरच्या पोटात तापमान किती, ते दूर देशात बसलेल्या मालकाला कळतं. कंटेनर ट्रकवर चढला की ट्रकमधलं यंत्र त्याचा पत्ता देत राहतं. लोखंडी खोक्याचा ठावठिकाणा साऱ्या जगाला ठाऊक. ते खोकं जखडणारा वरून घसरला तर त्याला दवाखान्यात न्यायची गाडी कुठे उभी आहे, हे मात्र कुणाला सांगता येत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मी यंत्राला शिव्या द्याव्यात का? बाबासाहेबांनी तो रस्ता आपल्यासाठी कधीच बंद केलाय. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाची चिरफाड केली, त्यात यंत्राचा मुद्दा मध्यभागी आहे. माणसाला जनावराच्या जिण्यातून बाहेर काढायचं तर त्याला फुरसत हवी, आणि फुरसत यंत्राशिवाय मिळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. दोष यंत्राचा नाही, समाजाच्या रचनेचा आहे. यंत्राचा नफा मूठभरांच्या खिशात जातो तिथे हात घाला, यंत्र मोडू नका. हे नुसतं लिहून ते थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळताना वीज, धरणं, जलमार्ग यांच्या देशपातळीवरच्या नियोजनाचा पाया त्यांनी घातला. दामोदर खोऱ्याची योजना त्यातलीच. अस्पृश्यांचा नेता टर्बाइनबद्दल बोलत होता आणि बॅरिस्टर महात्मा चरख्याबद्दल. आपण कुणाचे वारस, ते एकदा ठरवून टाका.

आता अवकाशातून जमिनीवर नेमकं काय आलं ते पाहू. आधी थापा बाजूला काढू. टेफ्लॉनचा तवा चंद्रमोहिमेची देणगी, असं छापून येतं. टेफ्लॉन १९३८ सालीच ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत सापडलं होतं. चर्रकन उघडणारा वेल्क्रोचा पट्टा एका स्विस इंजिनियरनं काढला. या गोष्टी अंतराळवीरांनी वापरल्या, काढल्या नाहीत. थापा मारणाऱ्यांना वाटतं, तवा आणि चपलेचा पट्टा दाखवला की गरीब गप्प बसेल.

खरी गोष्ट वेगळी आहे आणि आपल्या जास्त कामाची आहे. अपोलो यानाला वाट दाखवणारा संगणक खोलीभर मोठा चालणार नव्हता. म्हणून तो बनवणाऱ्यांनी इंटिग्रेटेड सर्किट घेतलं, ज्याला आज आपण चिप म्हणतो. तेव्हा ही चिप महाग होती आणि तिचा भरवसाही नव्हता. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या चिपांपैकी निम्म्याहून जास्त या एकाच संगणकाच्या कामाला जात होत्या. सरकार गिऱ्हाईक म्हणून उभं राहिलं. अट एकच: वर गेलेला माणूस जिवंत परत आला पाहिजे. या अटीपायी नग न् नग तपासला गेला, खराब माल परत गेला, कारखान्यांना आपली पद्धत सुधारावी लागली, पुढे भाव उतरले. आज तुमच्या-माझ्या खिशात जो मोबाईल आहे त्याच्या घराण्यात तो संगणक बसतो. त्याच संगणकाच्या स्मृतीचा धागा कुणी ओवला? मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी, रेथिऑनच्या कारखान्यात, कामगार बायकांनी. बारीक तार चुंबकी कड्यातून ओवली की एक, बाहेरून नेली की शून्य. चंद्राची वाट अक्षरशः हातानं विणली गेली. पाठ्यपुस्तकात फोटो मात्र झेंडा रोवणाऱ्याचा.

यातून एक नियम निघतो, तो लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख त्यावर उभा आहे. तंत्र आपोआप जन्माला येत नाही. कुणाच्या तरी जिवाची किंमत मोठी ठरते, त्या जिवासाठी सरकार पैसा ओततं आणि कडक अट घालतं, तेव्हा तंत्र जन्माला येतं. नंतर ते खाली झिरपतं. पण झिरपताना उतार कुठल्या दिशेला आहे, त्यावर ते कुणाच्या दारात पोचतं हे ठरतं. आपल्याकडे उतार जातीनं बांधलेला आहे.

नाशिकचंच घ्या. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत प्रश्न पडला की अंतराळवीरांना जेवण काय द्यायचं. वर पोट बिघडलं तर माणूस मेला. तयार झालेलं अन्न तपासून भागेना. जेवढं तपासावं तेवढं खायला उरत नाही. मग पिल्सबरी ही पीठ-बिस्किटांची कंपनी, नासा आणि अमेरिकन लष्कराची प्रयोगशाळा यांनी मिळून नवी रीत काढली. माल शेवटी तपासायचा नाही. बनताना कुठल्या पायरीवर घाण शिरू शकते ते आधी हुडकायचं आणि त्या पायरीवर पहारा बसवायचा. या रीतीला हॅसप म्हणतात. आज ती जगभरच्या अन्नव्यवहारात आहे, आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्येही. डोक्यावर जाळीची टोपी, हातात मोजे, नखं कापलेली, बांगड्या काढलेल्या. युरोपात जाणाऱ्या मण्याला कामगार बाईच्या बोटाची बाधा होऊ नये म्हणून हा बंदोबस्त. अंतराळवीराच्या पोटासाठी काढलेली रीत युरोपच्या गिऱ्हाइकाच्या पोटापर्यंत पोचली. २०१० साली औषधाच्या अंशावरून युरोपात नाशिकची द्राक्षं अडली तेव्हा केवढा हलकल्लोळ झाला, आठवा. मण्यात औषध किती उतरलं ते प्रयोगशाळा मोजते. पण पेठ-सुरगाण्याहून हंगामाला आलेला आदिवासी मजूर तेच औषध फवारतो, त्याच्या फुप्फुसात किती उतरलं ते कोण मोजतं? पायरी न् पायरीवर पहारा बसवणाऱ्या रीतीला ही पायरी दिसत नाही. दिसत नाही कारण ती गिऱ्हाइकानं विचारलेली नाही.

मोबाईलचा कॅमेराही त्याच वाटेनं आला. यानावर न्यायला छोटा, कमी वीज खाणारा कॅमेरा हवा होता. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा सेन्सर घडवला. त्याची पोरं आज प्रत्येक फोनात आहेत. जुलै २०१६ मध्ये गुजरातच्या उना गावी मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून सळ्यांनी फोडलं, ते साऱ्या देशानं पाहिलं ते या कॅमेऱ्यामुळे. पण ती चित्रफीत काढली कुणी? मारणाऱ्यांनीच. अभिमानानं काढली आणि मिरवायला पसरवली. मग आपल्या माणसांनी तीच त्यांच्यावर उलटवली, मेलेली जनावरं सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली. कॅमेरा कुणाचाच नसतो. हातात कोण धरतो आणि बघून पुढे कोण काय करतो, यावर सारं.

न्यायानं बोलायचं तर चांगलंही बोललं पाहिजे. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं मेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा उपग्रहांनी वादळाचा माग काढला, जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृत्यूंचा आकडा काही डझनांवर राहिला. मेले असते ते झोपडीतले, म्हणजे आपलेच. तो उपग्रह मला माझा वाटतो. जयपूर फूटचंही तसंच. रामचंद्र शर्मा या कारागिरानं डॉ. सेठींबरोबर १९६८ च्या सुमारास बनवलेला तो पाय. पुढे इस्रोनं अग्निबाणाच्या कामातलं पॉलियुरेथेनचं तंत्र त्यासाठी दिलं, पाय हलका झाला. गोदीत पाय गमावलेला माणूस ज्यानं पाहिलाय त्याला याची किंमत सांगावी लागत नाही. पण इथेही शेवटचा मैल जातीच्या हातात असतो. उपग्रह वादळाची वर्दी देईल. निवाऱ्याच्या दारात कुणाला आत घ्यायचं ते तो ठरवत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या मदत छावण्यांतून दलितांना हुसकलं गेलं, हे नोंदलं गेलेलं आहे.

आता गटाराकडे या. अंतराळयानात एक गोष्ट नसते, ती म्हणजे दुसऱ्याचा मैला उचलायला जन्माला घातलेली जात. चार-सहा माणसं, बंद डबा, मोरी नाही, गल्ली नाही, गावकूस नाही. मग त्यांनी काय केलं? यंत्र बनवलं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २००८ मध्ये पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसली. लघवी, घाम, श्वासातली वाफ, सगळं गोळा करून त्याचं पिण्याचं पाणी होतं. २०२३ मध्ये यातलं ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचं नासानं जाहीर केलं. २०२० मध्ये वर पाठवलेल्या नव्या संडासावर सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाले. ज्यांच्या मैल्याला हात लावायला कुणी नव्हतं त्यांचा प्रश्न विज्ञानानं सोडवला. ज्यांच्या मैल्याला हात लावायला माणूस सक्तीनं उभा केला होता त्यांचा प्रश्न विज्ञानाकडे गेलाच नाही. गेला नाही कारण तो प्रश्न वाटलाच नाही. माणूस स्वस्त पडत होता.

कायदा झाला १९९३ ला. पुन्हा झाला २०१३ ला. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं १९९३ पासूनच्या प्रत्येक गटारबळीच्या घरी दहा लाख द्या म्हटलं. २० ऑक्टोबर २०२३ ला, चांद्रयान उतरून दोन महिने झाले नव्हते तेव्हा, तीच रक्कम तीस लाख केली. मेल्यानंतरचा दर वाढत गेला. जगण्याची अट कुणी घातली नाही. आणि यंत्र अशक्य आहे म्हणाल, तर केरळात तरुण इंजिनियरांच्या जेनरोबोटिक्स या कंपनीनं २०१८ मध्ये बँडिकूट नावाचा रोबो चेंबरात उतरवून दाखवला. खाली यंत्राचे हातपाय, वर पडद्यासमोर बसलेला कामगार. कॉलेजातून निघालेल्या पोरांना जे जमलं ते देशाला आधी का जमलं नाही? कारण अपोलोसारखं ठाम गिऱ्हाईक इथे कुणी झालं नाही. माणूस मरता कामा नये, ही अट टेंडरात कुणी लिहिली नाही.

आपल्या नाशिकला हा प्रश्न उद्याचा नाही, आजचा आहे. सिंहस्थ आला की गोदाकाठी लाखो लोक येतात आणि त्यांचा मैला येतो. साधूंच्या आखाड्यांचा मान कोणता, आधी कोण नहाणार, यावर महिनोन्‌महिने खल होतो. घाण कोण काढणार यावर खल होत नाही. ते जन्मानं ठरलेलं. २०१९ च्या प्रयागराज कुंभावर चार हजार कोटींहून जास्त खर्च झाला, म्हणजे चांद्रयान-३ च्या सुमारे ६१५ कोटींच्या सहापटीहून जास्त. त्या कुंभात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. पाय धुवून चेंबरातला विषारी वायू कमी होत नाही. २०२७ च्या सिंहस्थात आम्हाला पाय धुणारे नकोत. यंत्र द्या, प्राणवायूचा मुखवटा द्या, कायम नोकरी द्या. ज्या काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला आपले आजे-पणजे उभे राहिले त्या गावात, माणूस चेंबरात उतरणार नाही एवढी तरी अट लिहून द्या.

आणि तंत्र आमच्यापर्यंत येतं तेव्हा कसं येतं तेही पाहा. नागपूर महापालिकेनं २०१८ च्या सुमारास सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधलं. पृथ्वीपासून वीस हजार किलोमीटरवर फिरणारे उपग्रह बघतात की झाडूवाली बाई नेमून दिलेल्या गल्लीत आहे की चहाच्या टपरीवर. चंदीगडलाही अशी घड्याळं आली, तिथल्या कामगारांनी निदर्शनं केली. ज्या नागपुरात १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्या गळ्यातलं जू काढून फेकलं तिथेच नवं जू मनगटाला आलं, बिनतारी. साला, उपग्रहाला मुकादमाची नोकरी दिली! पगार वेळेवर झाला का, मोजे मिळाले का, कंत्राटदारानं भविष्यनिधी भरला का, हे मोजणारं घड्याळ कंत्राटदाराच्या मनगटावर कुणी बांधलेलं ऐकलंय?

दूरच्या भावांची आठवण इथे काढतो. १५ जुलै १९६९, अपोलो-११ उडायच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनाथी गरीब काळ्या कुटुंबांना घेऊन, खेचरांच्या गाड्या जोडून, केनेडी अवकाश केंद्रावर धडकले. नासाचे प्रमुख थॉमस पेन बाहेर येऊन त्यांना भेटले. म्हणाले, उद्या बटण न दाबल्यानं गरिबी मिटणार असेल तर आम्ही दाबणार नाही. उत्तर हुशारीचं होतं, पण अ‍ॅबरनाथींनी बटण दाबू नका असं म्हटलंच नव्हतं. यानाचा अभिमान आम्हालाही आहे, अंतराळवीरांसाठी आम्ही प्रार्थना करू. ज्या ताकदीनं चंद्र गाठता त्या ताकदीनं भूक गाठा, एवढं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी गिल स्कॉट-हेरॉन या काळ्या कवीनं गोऱ्याच्या चंद्रवारीवर ती गाजलेली कविता म्हटली. कवीचं काम कवीनं केलं, चळवळीचं काम चळवळीनं. आपल्यात घोळ होतो तो इथे. कवितेची ओळ आपण मागणी म्हणून वापरतो आणि मग खरी मागणी लिहायची राहूनच जाते.

तर मागणी लिहू. सगळ्यात आधी जमीन.

दादासाहेब गायकवाड आपल्याच जिल्ह्याचे, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तुरुंग भरले. मागणी होती पडीक, गायरान, वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून आदिवासी शेतकरी निघाले, सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालून आझाद मैदानात पोचले. तळपायाची कातडी सोललेली ती चित्रं साऱ्या जगानं पाहिली. मुख्य मागणी तीच, वनहक्काचे दावे मंजूर करा. २००६ चा कायदा म्हणतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर जमीन तुमची. पण कागद दाखवा म्हणतात. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कागदाच्या बाहेर ठेवलं त्याच्याकडे कागद मागायचा, ही तलाठ्या-फॉरेस्टवाल्यांची जुनी खोड.

इथे आकाशातला तलाठी कामाला येतो. भारताचा आयआरएस-१सी उपग्रह २८ डिसेंबर १९९५ ला वर गेला. त्याच्या कृष्णधवल कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर ५.८ मीटर लांब, ५.८ मीटर रुंद तुकडा. एका एकरात असे सुमारे १२० ठिपके बसतात. जंगलाच्या गडद रंगात कसलेलं शेत वेगळं उमटतं. म्हणजे कायद्याच्या तारखेच्या आधीची दहा वर्षं हा देश वरून फोटो काढत होता, आणि त्यात सुरगाण्याच्या डोंगरावरचं नागलीचं वावरही येत होतं. तलाठ्यानं नोंद केली नाही, उपग्रहानं केली. त्याला हप्ता देता येत नाही आणि जातही विचारता येत नाही.

वनहक्काच्या नियमांत उपग्रहाची छायाचित्रं पुरावा म्हणून धरलेली आहेत, आणि वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. म्हणजे एक जबाब म्हाताऱ्याचा आणि एक उपग्रहाचा, दोन झाले. पण तेच हत्यार उलटही चालतं. पावसाळ्यात ढग असतात, तेव्हा साधा कॅमेरा काही बघू शकत नाही. डोंगरातलं पीक नेमकं पावसाळ्यातलं. फोटो निघतो दिवाळीनंतर, तेव्हा वावर मोकळं किंवा गवताळ. साहेब फोटो दाखवतो आणि म्हणतो, बघ, इथे शेती नाही. अशा वेळी तोंड मिटून बसायचं नाही. २०१२ ला नियमांत दुरुस्ती झाली. उपग्रहाचं छायाचित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येईल, त्यांची जागा घेऊ शकणार नाही, असं त्यात लिहिलंय. नुसत्या फोटोवर दावा फेटाळणं बेकायदा आहे. हे वाक्य पाठ करा आणि प्रांताच्या टेबलावर मोठ्यानं म्हणा.

गायरानाचंही तेच. आपल्या राज्यात १४ एप्रिल १९९० च्या आधीची दलित-भूमिहीनांची गायरानावरची कसणूक नियमित करायचं धोरण ठरलं होतं. तरी २०२२ ला अतिक्रमण हटवायच्या नोटिसा घरोघर गेल्या. १९८८ चा आयआरएस-१ए अंधुक बघायचा, त्याच्या चांगल्या कॅमेऱ्याचा ठिपकाही ३६ मीटरांचा, एकरात तीनच बसतात. तेवढ्यानं दोन एकरांचा दावा सिद्ध होणार नाही. पण पुढच्या उपग्रहांच्या चित्रांवरून किमान एवढं दाखवता येतं की ही माणसं काल-परवा घुसलेली नाहीत. वकिलाला तेवढा खुंटा पुरतो.

आणि हा सारा डोलारा कुणाच्या खांद्यावर उभा आहे, तेही सांगायचं. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिला अग्निबाण उडाला तो थुंब्यातून. तिथल्या कोळ्यांनी आपलं चर्च आणि घरं सोडली. श्रीहरिकोटा बेट यानादी आदिवासींचं होतं. अवकाश केंद्र आलं, ते उठले. त्याच श्रीहरिकोट्यातल्या दुसऱ्या उड्डाणतळाची अवजड यंत्रं रांचीच्या हेवी इंजिनियरिंग कॉर्पोरेशननं पुरवली होती. २०२३ ला देश चांद्रयानाचे पेढे वाटत होता तेव्हा तिथल्या कामगारांचे वर्षाहून जास्त पगार थकलेले होते. तेव्हा कुणी आपल्याला देशद्रोही म्हणालं की तुम्हाला विज्ञानाचं वावडं आहे, तर सांगा, जमीन आमची गेली, घाम आमचा गेला, पैसा आमच्या मिठा-तेलावरच्या करातून गेला. यानात आमचा हिस्सा आहे. आम्ही भीक मागत नाही, वाटणी मागतो.

वाटणी अशी. वनहक्क आणि गायरानाच्या प्रत्येक दावेदाराला त्याच्या गटाचं उपग्रह छायाचित्र ग्रामसभेत फुकट मिळालं पाहिजे. नाशिक महापालिकेनं चेंबरात माणूस उतरवणार नाही अशी अट प्रत्येक टेंडरात घातली पाहिजे, आणि यंत्र आलं म्हणून सफाई कामगाराला रस्त्यावर न काढता यंत्र त्याच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचं केलं पाहिजे. मनगटावरची घड्याळं आधी उतरवा. कामगाराच्या जिवासाठी यंत्र हवं असेल तर ते कामगार ठरवतील. फवारणाऱ्याचं रक्त तपासल्याशिवाय द्राक्षाचा कंटेनर स्वच्छ म्हणून सुटता कामा नये. तो कंटेनर माझ्यासारखे हात जखडतात, हे द्राक्षवाल्यांनी लक्षात ठेवावं.

मागणी सरकारकडे, काम आपल्याकडे. २००९ पासून इस्रोचा भुवन हा नकाशा इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. भीमवाडी, फुलेनगरच्या पोरांनो, तुमच्या हातात तासन्‌तास तोच मोबाईल असतो. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात बसा. नकाशा वाचायला शिका, ठिपके मोजायला शिका, गट नंबर कसा जुळवायचा ते शिका. मग पेठ-सुरगाण्याला जा, आदिवासी भावाच्या दाव्याचा कागद तयार करून द्या. दोन-चार पोरी-पोरं या विद्येत पक्की झाली तर तलाठ्याला घाम फुटेल. कविता लिहायचीच असेल तर रात्री लिहा. मीही रात्रीच लिहितो.

शिका म्हटलं होतं बाबासाहेबांनी. फक्त नोकरीचा फॉर्म भरायला शिका असं नव्हतं म्हटलं. डोक्यावरून रोज जाणारा उपग्रह आपली जमीन बघतोय. तो काय बघतोय ते वाचता येणं, ही आज आपली लढाई आहे. येत्या पौर्णिमेला वर्ग सुरू करू. ज्याच्याकडे चार्जर असेल त्यानं आणावा.

जय भीम.